ॲडमिशन झाली की काम संपत नाही, खरं काम जुलैत सुरू होतं

परवा आमच्या भांडुपच्या टेंभीपाड्यात पेढे फिरले, कारण टेकडीवरच्या अगदी वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं नाव दुसऱ्या मेरिट लिस्टला लागलं, बीकॉमला, ते पण अनुदानित तुकडीत. तिचे बाबा रिक्षा चालवतात, ते स्वतः पुडा घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, झालं बघा एकदाचं, सुटलो." मला मनापासून आनंद झाला. पण हा "सुटलो" शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मी म्हटलं, दादा, हा पेढा खाते मी, पण दिवाळीत मला अजून एक पाहिजे, ती तोपर्यंत रोज कॉलेजला जात असेल तर. ते हसले. मी मात्र खरंच म्हणत होते.

आमच्या गणेशोत्सव मंडळाची एक खोली आहे, वर्षभर तिथे अभ्यासिका चालते आणि मे ते जुलै दर रविवारी आम्ही चार-पाच जण तिथे टेबल टाकून बसतो. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, एक दादा महावितरणात आहेत, एक जण बँकेत, आणि दोन पोरी आहेत ज्या याच टेबलावरून कॉलेजात गेल्या आणि आता दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतात. बारावीचा निकाल लागला की गर्दी. नऊ वर्षं झाली या कामाला. पहिली दोन-तीन वर्षं मलाही वाटायचं की फॉर्म भरला, लिस्टला नाव लागलं, फी भरली, जिंकलो. मग एका दिवाळीत सहज म्हणून वहीतल्या सगळ्या पोरांना फोन लावले, फराळाला या सांगायला. त्यातली पाच पोरं कॉलेजला जातच नव्हती. एक मॉलमध्ये उभा राहायला लागला होता, एकीने "घरी बरं नव्हतं" एवढंच सांगितलं, एक जण डिलिव्हरी करत होता, बाकी दोघांनी फोन उचलला आणि काहीच बोलले नाहीत. कोणीही नापास झालं नव्हतं हे लक्षात घ्या, कारण परीक्षाच झाली नव्हती अजून. पोरं परीक्षेच्या आधीच गळतात आणि त्याचा आवाजही होत नाही.

तेव्हापासून मी हे जे काही करते त्यातलं निम्मं काम ॲडमिशननंतरचं असतं आणि आज त्याच्याबद्दलच लिहायचंय. पण आधीचंही थोडं सांगते, कारण जून उजाडला की तेच प्रश्न आणि तीच धावपळ.

सगळ्यात पहिलं म्हणजे कागद. निकाल लागल्यावर कागद काढायला निघालात तर उशीर झालाय असं समजा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, हे सगळं आपले सरकारवर किंवा सेतूमध्ये होतं, पण मे-जूनमध्ये सगळी मुंबई तिथे उभी असते. आणि ज्यांना इंजिनिअरिंग, फार्मसी अशा कोर्सला राखीव जागेवर जायचंय त्यांची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, ती तर अकरावीतच सुरू करा, हात जोडून सांगते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ चा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०. आता ज्याचे आजोबा गिरणीत कामाला म्हणून एक पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईत आले, त्यांच्या घरात १९६७ आधीचा कागद कुठून असणार?

मागच्या वर्षी एका कुणबी मुलासाठी त्याचे बाबा संगमेश्वर तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले, जिल्हा परिषदेच्या शाळेत आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, काढायला. रात्रीची एसटी, सकाळी शाळेत, मुख्याध्यापकांनी कपाट उघडून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं अशी की हात लावला तर तुकडा पडेल. आजोबांचं नाव सापडलं, जातीच्या रकान्यात नुसतं "कु." लिहिलेलं, आणि आडनावाच्या जागी वाडीचं नाव. मुलाच्या दाखल्यावरचं आडनाव वेगळंच. दादांनी तिथूनच मला रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला आणि फोन केला, आवाज एकदम पडलेला, म्हणाले, ताई, सापडलं पण उपयोगाचं नाही वाटतं. मी म्हटलं, दादा तुम्ही आधी शिक्क्यानिशी उतारा घ्या, बाकीचं आपण वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात मांडू, चुलत्यांचे कागद जोडू. जमलं ते. पण हेच जर सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यावर सुरू केलं असतं तर जमलं नसतं, जागा गेली असती. एक सुट्टी, एक एसटीचं तिकीट आणि एक वर्ष आधी कोणीतरी सांगणं, एवढ्याचाच फरक होता.

दुसरं, सीईटी. अजूनही घरोघरी समज आहे की बारावीचे मार्क कळले की मग ठरवू. आता तसं राहिलं नाही. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेखाली आले आणि त्यांनाही सीईटी लागली, त्या वर्षी कितीतरी मुलांना हे निकालानंतर कळलं आणि तोपर्यंत फॉर्म भरायची मुदत होऊन गेलेली. मग कॉलेजांनी नावं बदलून तेच विषय बीकॉममध्ये मॅनेजमेंट स्टडीज वगैरे म्हणून सुरू केले, ते चांगलंच झालं मुलांसाठी, पण गोंधळ केवढा. तर सीईटीचे फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच निघतात, जानेवारी-फेब्रुवारीत कोणीतरी त्या पोराच्या मागे लागलं पाहिजे. आणि साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला सीईटी नाही पण मुंबई विद्यापीठाचं ऑनलाइन प्री-ॲडमिशन रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं, त्याची प्रिंट घेऊन मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म. स्वायत्त कॉलेजांच्या तारखा अजून वेगळ्या. मेरिट लिस्ट लागली की फी भरायला दोन-तीन दिवसच मिळतात आणि मधे रविवार आला तर घरच्यांची झोप उडते.

फीवरून आठवलं. एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोन पोरांची फी कितीतरी पट वेगळी असू शकते हे आई-वडिलांना माहीतच नसतं. अनुदानित बीकॉमची फी काही हजारांत असते आणि वरच्या मजल्यावरच्या सेल्फ फायनान्स कोर्सची फी ऐकून माणूस खाली बसतो. तो कोर्स वाईट असतो असं नाही, अजिबात नाही, पण घेताना "ही तुकडी अनुदानित आहे का" हा प्रश्न काउंटरवर विचारायचा, लाजायचं नाही. मी प्रत्येक आईला हा प्रश्न पाठ करायला लावते.

आणि स्कॉलरशिप. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, त्याबद्दल मी स्वतंत्र पोस्ट लिहीन कारण ते एका परिच्छेदात मावणारं नाही. पण एक गोष्ट आत्ताच सांगते, जी मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी जीव तुटतो. फॉर्म भरायला पोरं सायबर कॅफेत जातात, तिथला माणूस घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. पुढे अर्ज "सेंड बॅक" होतो, काहीतरी फुटकळ कारण, उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन पुसट आलाय वगैरे. मेसेज जातो कॅफेवाल्याच्या फोनवर. पोराला पत्ताच नाही. ते मार्चपर्यंत वाट बघत बसतं आणि मग कळतं की अर्ज तारखेआधी दुरुस्त केला नाही म्हणून बाद. तर नंबर स्वतःचा, पासवर्ड स्वतःच्या वहीत, आधार बँक खात्याला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारायचं, आणि दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघायचं. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकला असेल तर ऑफिसात जाऊन त्या क्लार्कला नम्रपणे सांगायचं, त्यांच्याकडेही ढीग असतो. दुसऱ्या वर्षी परत रिन्यूअल करायचं, ते आपोआप होत नाही.

मुलींसाठी एक मोठी गोष्ट झालीय ती अजून खूप घरांत पोचली नाही. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ॲडमिशन घेतली असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी होती. आमच्या इथली एक मुलगी "इंजिनिअरिंगचं आपल्याला झेपणार नाही" म्हणून फिजिक्स घेऊन बीएस्सीला जायला निघाली होती, मार्क चांगले, सीईटी दिलेली. तिची आई पोळी-भाजी केंद्रात काम करते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

मी स्वतः बारावी झाले २००१ ला, मराठी माध्यम, आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिलीच. बाबांची कंपनी एलबीएस रोडवरची, ती बंद पडली होती तेव्हा. मला दादर साईडच्या एका कॉलेजात बीकॉमला ॲडमिशन मिळाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला कळलं की मला काहीच कळत नाहीये. सगळं इंग्लिश. सर भराभर बोलायचे, बोर्डवर दोन शब्द लिहायचे आणि पुढे. मी मागच्या बाकावर बसून सर ओठ हलवतायत एवढंच बघायचे. मग सकाळच्या सातच्या लेक्चरला जाणं हळूहळू बंद झालं. घरून निघायचे रोज, डबा घेऊन, आईला वाटायचं पोरगी शिकतेय, आणि मी दादर स्टेशनच्या पुलावर उभी असायचे. ऑगस्टच्या शेवटी नोटीस बोर्डवर ब्लॅकलिस्ट लागली, हजेरी कमी असलेल्यांची, त्यात माझं नाव. मला वाटलं आपल्याला काढून टाकलं. कोणाला विचारायची सोय नाही, ऑफिसातल्या खिडकीवरचा माणूस वर न बघता बोलायचा. मी ठरवलं की आता यायचं नाही, घरी सांगायचं की शिक्षण जमत नाही.

मला वाचवलं लायब्ररीतल्या एका मॅडमनी. पुस्तक परत करायला गेले, म्हटलं निदान डिपॉझिट तरी घेऊ, तर त्या म्हणाल्या, तू परत का करतेस, परीक्षा तर व्हायचीय. मी रडायलाच लागले. त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं की ब्लॅकलिस्ट म्हणजे काढून टाकणं नाही, आई-वडिलांना घेऊन भेटायचं, कारण सांगायचं, उरलेल्या दिवसांत हजेरी भरून काढायची. एवढंच. दहा मिनिटांचं बोलणं. त्या वर्षी मला गणितात केटी लागली, तेव्हाही त्यांनीच सांगितलं की केटी म्हणजे नापासाचा शिक्का नव्हे, तो एक विषय परत द्यायचा असतो. मी डिग्री घेतली, नोकरी लागली, धाकट्या भावाला शिकवलं. त्या दहा मिनिटांवर आमचं पूर्ण घर उभं आहे असं मी म्हणते, आणि त्यात एक अक्षरही वाढवून सांगत नाहीये.

म्हणून मला वाटतं की या पोरांना सगळ्यात जास्त कशाची गरज असेल तर एका माणसाची, ज्याला फोन करता येतो. ॲप, यूट्यूब, माहितीपत्रकं हे सगळं आहे आणि चांगलं आहे, पण पोराला जेव्हा वाटतं की हे फक्त मलाच जमत नाहीये, बाकी सगळ्यांना जमतंय, तेव्हा ते कुठलंही ॲप उघडत नाही. ते पांघरूण ओढून झोपतं.

ज्या घरात आई-बाबा दोघं शिकलेले आहेत त्या घरात हे सगळं जेवताना आपोआप होतं. इंटर्नल म्हणजे काय, प्रोजेक्ट कसा लिहायचा, सरांना मेल कसा करायचा, केटी लागली तर काय. कोणी मुद्दाम शिकवत नाही, कानावर पडतं. आमच्याकडच्या पोरांच्या कानावर हे पडत नाही, त्यांची हुशारी कुठेही कमी नाही. हा फरक मला पूर्ण खात्रीने सांगता येतो कारण मी तो जवळून बघितलाय. एक उदाहरण सांगते.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक मुलगा अभ्यासिकेत आला, एफवायबीकॉम, बाबांची भांडुप स्टेशनजवळ वडापावची गाडी. म्हणाला, ताई, मला इकॉनॉमिक्स सोडायचंय, डोक्यावरून जातं. मी म्हटलं काय जातं डोक्यावरून, पुस्तक दाखव. त्याने पान उघडलं, इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड. मी त्याला म्हटलं, अरे तू बारावीला मागणीची लवचिकता शिकलास ना? हो, त्याचं उत्तर मला पूर्ण आलं होतं. मग? तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, हेच ते. त्याने परत पुस्तकाकडे बघितलं, परत माझ्याकडे. "हे लवचिकता आहे?" मी म्हटलं, बाबांचा वडापाव पंधराचा अठरा झाला तर काय झालं? म्हणाला, थोडी गिऱ्हाईकं कमी झाली, रोजचे दोनशे जायचे तिथे एकशेऐंशी जातात. मग काढ. किंमत किती टक्के वाढली, वीस टक्के. मागणी किती टक्के कमी झाली, दहा टक्के. दहा भागिले वीस, शून्य पूर्णांक पाच. एकपेक्षा कमी, म्हणजे कमी लवचिक मागणी, म्हणजे बाबांनी भाव वाढवला तरी धंद्याला फटका नाही. त्याने ते स्वतः काढलं. मी पुढे बोलायच्या आत तो म्हणाला, थांबा, आधी पंधरा गुणिले दोनशे म्हणजे तीन हजार, आता अठरा गुणिले एकशेऐंशी म्हणजे तीन हजार दोनशे चाळीस. वाढला की गल्ला! त्याचा चेहरा मी विसरणार नाही. दोन महिने तो पोरगा स्वतःला ढ समजत होता. त्याला विषय पूर्ण येत होता, फक्त विषयाचं नाव बदललं होतं आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली. डाव्या बाजूला आपले शब्द, उजव्या बाजूला कॉलेजचे. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. अकाउंट्सची मी स्वतः लिहिली, सायन्सची आमच्या टेबलावरच्या त्या दोन पोरींपैकी एकीने. आता जूनमध्ये ॲडमिशन झालेल्या प्रत्येक मराठी माध्यमाच्या पोराला त्याची झेरॉक्स देतो आणि सांगतो की पहिले दोन महिने ही बॅगेत ठेव. आणि बीए-बीकॉमला काही विषयांत मराठीतून पेपर लिहायची सोय असते, ती आपल्या कॉलेजात आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. पण मी पोरांना हेही सांगते की इंग्लिश सोडू नका, नोकरीच्या दारात ते उभं असतं. मराठीतून समजून घ्या, मग इंग्लिशमध्ये लिहा. समजलेलं लिहिता येतं, पाठ केलेलं तिसऱ्या दिवशी जातं.

केटीचं पण नीट सांगायला हवं घरी. सेम वनला विषय राहिले म्हणून सेम टूला बसता येत नाही असं नाही, बसता येतं. दुसऱ्या वर्षाला जाताना मात्र किती विषय राहिलेत त्याला मर्यादा असते, म्हणून केटी साठवायच्या नाहीत. इंटर्नलचे मार्क वेगळे असतात, त्या चाचण्या आणि प्रोजेक्ट चुकवले की शेवटच्या पेपरला कितीही लिहिलं तरी गाडी अडते. घरी हे माहीत नसलं की पहिल्या केटीला बाबा म्हणतात, फी वाया गेली, उद्यापासून माझ्याबरोबर कामाला चल. बाबा वाईट नसतात हो. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

कामाला जाणं मला वाईट वाटत नाही हेही लिहिते, कारण हल्ली कोणी कमवत शिकतंय म्हटलं की लोक हळहळतात. या शहरात ती परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते नोकरी करत शिकणाऱ्या गरीब पोरांना डोळ्यासमोर ठेवून. त्याच्याही आधी साताऱ्याकडे कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका. वरळीला बीडीडी चाळींजवळ अभ्यास गल्ली आहे, दहा बाय दहाच्या खोलीत जागा नाही म्हणून पोरं पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली तिथे. अजून मुंबईत सकाळची कॉलेजं आहेत, रात्रीची आहेत, कलिन्याला विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घरची परिस्थिती बदलली आणि पोराला दिवसा काम करावंच लागलं तर कॉलेज सोडायच्या आधी मार्ग बदलता येतो का ते बघा. आणि समजा सोडलंच, तरी आता नवीन शैक्षणिक धोरणात पास केलेल्या विषयांचे क्रेडिट एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर, जमा राहतात, पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स, आणि मधे थांबून परत येता येतं. म्हणून तो एबीसी आयडी काढला का, डिजीलॉकरमध्ये नाव आधारसारखंच आहे का, हे मी टेबलावरच तपासून घेते.

लोक मला विचारतात की आम्हाला मदत करायचीय, पैसे कुठे भरायचे. पैसे लागतात, खोटं कशाला बोलू, लिस्ट लागल्यावर तीन दिवसांत फी उभी करायची असते तेव्हा मंडळाच्या फंडातून आम्ही उसने देतो आणि लोक परतही करतात. पण मला पैशांपेक्षा तुमचा एक संध्याकाळचा फोन पाहिजे. तुम्ही डिग्री घेतलेली आहे ना, कुठलीही, कितीही वर्षांपूर्वी? मग तुमच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या मावशींचा मुलगा, वॉचमन काकांची मुलगी, इस्त्रीवाल्यांचा पोरगा यंदा कॉलेजात गेला असेल. त्याला आठवड्यातून एकदा विचारा. "कसं चाललंय" विचारू नका, त्यावर "बरं" एवढंच उत्तर येतं. "आज कुठलं लेक्चर झालं, त्यात काय सांगितलं" असं विचारा. "हजेरी किती लागली" विचारा. पासचा कन्सेशन फॉर्म मिळाला का विचारा, कारण लोकलच्या पासला विद्यार्थ्यांना सवलत असते आणि त्याचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यावा लागतो, पोरं लाजून पूर्ण भाडं भरत राहतात आणि महिनाअखेरीला पैसे नाहीत म्हणून चार दिवस दांडी मारतात. त्या चार दिवसांपासूनच गळती सुरू होते.

आम्ही आता प्रत्येक पोरामागे एक जण ठरवून टाकलाय. वहीत नावासमोर नाव. माझ्याकडे यंदा सहा जण आहेत. मंगळवारी रात्री नऊनंतर मी फोन करते, मालिका सुरू असली तरी पोरं उठून बाहेर येतात बोलायला, गॅलरीत, जिन्यात. पहिल्या महिन्यात बोलणं दोन मिनिटांचं असतं. ऑगस्टपासून ते लांबायला लागतं. तेव्हा मला जरा बरं वाटतं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीतही मी असेच फोन लावले होते. तेव्हा एक मुलगी फोन उचलून काहीच बोलली नव्हती, तिने या मंगळवारी स्वतः फोन केला. सेम वनचे तीन विषय राहिलेत, सेम टूला बसलीच नाही, वर्ष गेलं. म्हणाली, ताई, परत जाता येईल का, मी एकटी ऑफिसात जाऊ शकत नाही, मला ते विचारतील इतके दिवस कुठे होतीस. मी म्हटलं, विचारू देत, मी शेजारी उभी असेन. उद्या सकाळचा हाफ डे टाकलाय. ८.१० ची स्लो पकडायची, भांडुपला इंडिकेटरखाली भेटायचं ठरलंय, तिला सांगितलंय की मार्कशीट, आयडी आणि फीची पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आण, पाऊस आहे.